‘डी’ दिसला म्हणजे ३ मीटर पक्के का?

प्रश्न : माझ्याकडे हातात धरायचं जीपीएस यंत्र आहे. शेताच्या कोपऱ्यावर उपग्रहांच्या पट्ट्यांमध्ये ‘डी’ उमटतो आणि अचूकता ३ मीटर दाखवते. तरी त्याच हद्दीच्या दगडावर सकाळी आणि संध्याकाळी घेतलेल्या नोंदींत ५ मीटरांचा फरक येतो. यंत्र बिघडलंय का?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. दोन्ही नोंदी ३ मीटरांच्या आत असल्या, पण एकमेकींच्या उलट दिशेला चुकल्या, तरी त्यांच्यात ६ मीटरपर्यंत अंतर पडू शकतं. शिवाय तो आकडा मोजलेला नसतो. उपग्रह आकाशात कसे पसरलेत आणि सिग्नल किती स्वच्छ आहे यावरून यंत्रानं बांधलेला तो अंदाज असतो. अँड्रॉइड फोनमध्ये तर या त्रिज्येची शाश्वती ६८ टक्के धरलेली असते. म्हणजे साधारण तीनातून एकदा खरी जागा वर्तुळाबाहेर असणार.

‘डी’चा अर्थ इतकाच की त्या उपग्रहाच्या मापाला दुरुस्ती लागू झाली. आपल्याकडे ती ‘गगन’कडून येते. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणानं ही यंत्रणा मुख्यतः विमानांसाठी उभारली. देशातली १५ संदर्भ केंद्रं जीपीएसचे सिग्नल सतत टिपतात. त्यावरून उपग्रहाची कक्षा, त्याचं घड्याळ आणि आयनोस्फिअर (वातावरणातला वरचा विद्युतभारित थर) यांमुळे येणारी चूक काढून भूस्थिर उपग्रहांवरून पाठवली जाते. पण विहिरीवरच्या पत्र्याच्या शेडवरून परावर्तित होऊन तुमच्या यंत्रात शिरलेला सिग्नल त्या केंद्रांना दिसतच नाही. त्याची दुरुस्ती कुठून येणार? आणि ‘डी’ उमटला की यंत्र आपला अंदाज कमी करतं, त्यामुळे शेडशेजारीही आकडा छान दिसतो.

आधी सेटिंग तपासा. गार्मिनसारख्या यंत्रांत सेटअपमधल्या ‘सिस्टीम’मध्ये ‘वास/इग्नॉस’ हा पर्याय असतो. नावं अमेरिकी आणि युरोपीय यंत्रणांची असली तरी ‘गगन’चे संदेशही त्याच ठरावीक स्वरूपाचे आहेत, म्हणून तो चालू ठेवायचा. काही जुन्या मॉडेलांत बॅटरी सेव्हर लावला की हा पर्याय आपोआप बंद होतो. दक्षिणेकडचं आकाश मोकळं हवं : ‘गगन’चे संदेश पाठवणाऱ्या भूस्थिर उपग्रहांपैकी जुन्नर भागातून जीसॅट-१० दक्षिण-आग्नेयेला सुमारे ६५ अंश उंचीवर आणि जीसॅट-८ नैर्ऋत्येला असतो. उपग्रहांच्या पानावर त्यांचे क्रमांक १२८ आणि १२७ दिसतील. काही यंत्रं त्यातून ८७ वजा करून ४१ आणि ४० दाखवतात. आयनोस्फिअरची पूर्ण माहिती उतरायला पाच मिनिटं लागू शकतात, तोवर नोंद घेऊ नका.

संध्याकाळच्या नोंदीवर विशेष संशय घ्या. सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, आपल्या अक्षांशांवर आयनोस्फिअर फार खळबळतं आणि सिग्नल तुटतो. सरासरी काढायची तर एकाच बैठकीत नको, कारण चूक हळूहळू सरकते आणि दहा मिनिटांच्या सगळ्या नोंदी एकाच बाजूला झुकतात. किमान दीड तासाच्या अंतरानं चार ते आठ नोंदी घ्या.

बांधाचा वाद मात्र या यंत्रानं मिटवायला जाऊ नका. त्यासाठी भूमी अभिलेखची मोजणीच मागवावी लागेल.

प्रश्न : मोजणीच्या रोव्हरवर (बिंदूवर नेऊन धरायच्या अचूक जीपीएस यंत्रावर) कधी ‘फिक्स’ येतं, कधी ‘फ्लोट’. फ्लोटवर बिंदू घेतला तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हद्दीसाठी नाही. फिक्समध्ये उपग्रहापर्यंतच्या अंतरात सिग्नलच्या किती पूर्ण तरंगलांबी बसतात ती संख्या नक्की ठरलेली असते, म्हणून १-२ सेंटिमीटरची अचूकता मिळते. फ्लोटमध्ये ती ठरलेली नसते आणि चूक अनेक डेसिमीटर असू शकते. यंत्र प्रत्येक नोंदीबरोबर जी ‘जीजीए’ नावाची माहितीची ओळ देतं, तिच्यातला सहावा रकाना पाहा : १ म्हणजे साधं जीपीएस, २ म्हणजे ‘गगन’सारखी दुरुस्ती, ४ फिक्स, ५ फ्लोट. तेराव्या रकान्यात दुरुस्तीचं वय सेकंदांत असतं. ही दुरुस्ती मोबाईल इंटरनेटवरून येत असेल तर रेंज गेली की ते वाढत जातं, आणि फिक्स काही वेळ तसाच दिसत राहतो. वय १-२ सेकंदांवरून दहाच्या पुढे गेलं तर थांबा आणि रेंज आल्यावर तोच बिंदू पुन्हा घ्या. झाडाखाली खोटा फिक्सही लागतो, म्हणजे ती संख्या चुकीची ठरते. तो पकडायचा तर रोव्हर बंद करून नव्यानं फिक्स लावा आणि दोन्ही नोंदी ताडून पाहा.