जनावर घ्यावं का? घरामागच्या जागेचे प्रश्न

घराभोवती थोडी जागा असलेल्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. जागा पुरेल का, हे जवळजवळ सगळ्यांनी विचारलंय. जन्मलेल्या नराचं, भाकड गाईचं, अंडी बंद केलेल्या कोंबडीचं काय करणार, हे फार थोड्यांच्या मनात आलेलं दिसतं. पशुवैद्यक म्हणून मला आधी तेच विचारावंसं वाटतं.

प्रश्न : घर आणि विहीर धरून अर्धा एकर जागा आहे. आम्ही दोघंही नोकरी करतो. घरच्या दुधापुरती एक गाय ठेवता येईल का?

जागेत गाय मावेल. तुमच्या दिवसात मावेल का, ते बघू.

400 किलोच्या गाईला रोज वजनाच्या अडीच ते तीन टक्के, म्हणजे 10 ते 12 किलो शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा चारा) लागतात. हिरव्या चाऱ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे गव्हाणीत प्रत्यक्ष 20-25 किलो हिरवी आणि 5-6 किलो कोरडी वैरण पडावी लागते. वर दुधाच्या मानाने आंबोण, म्हणजे पेंड-भुश्याचा खुराक. वर्षाकाठी आठ-नऊ टन हिरवं आणि दोन टन कोरडं झालं. बारमाही पाणी असेल तर पाव एकर संकरित नेपियर गवतामधून हिरव्याची सोय होऊ शकते. पण ते रोज कापायचं, कुट्टी करायची. कोरडी वैरण आणून पावसापासून झाकून रचायची. तिला बुरशी लागली तर ती गाईपुढे टाकायची नाही, मग कितीही जीव तुटो. शिवाय रोजचं 50 लिटरच्या आसपास पिण्याचं पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

आता दूध. गाय व्यायल्याशिवाय दूध नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि हिशेबात कुणीच धरत नाही. व्यायल्यावर सहा-आठ आठवड्यांत दूध चढतं, मग उतरत जातं. साधारण दहा महिन्यांनी ते आटवायचं आणि पुढच्या वितापूर्वी कासेला दोन महिने विश्रांती द्यायची. म्हणजे चढाच्या दिवसांत दूध घरात रिचणार नाही आणि नंतर विकत आणावं लागेल.

दरम्यान ती पुन्हा गाभण राहायला हवी, आणि नोकरी करणाऱ्यांचं घोडं इथेच अडतं. माज 21 दिवसांनी येतो आणि 12 ते 18 तास टिकतो. गाय हंबरते, दूध चोरते, मागून काचेसारखा स्वच्छ, चिकट स्राव (सोट) टाकते. बऱ्याचदा हे रात्री सुरू होतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी कृत्रिम रेतन करायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, असा सर्वसाधारण नियम. पण तुम्ही आठला बाहेर पडून सातला परतणार. एक माज हुकला की तीन आठवडे गेले. असे तीन-चार हुकले की गाय खाऊन-पिऊन नुसती उभी. गोठ्यात दुसरं जनावर असेल तर ते तिच्यावर चढतं आणि माज उघड दिसतो. एकटी गाय असेल तर तीही सोय नाही.

वासरू नर झालं तर काय, हेही आत्ताच ठरवा. सेक्स्ड सीमेन, म्हणजे मादी वासरं व्हावीत म्हणून निवडलेलं वीर्य, वापरलं तर दहातली नऊ वासरं कालवडी होतात, पण गर्भधारणेचं प्रमाण नेहमीच्या रेतनापेक्षा काहीसं कमी राहतं.

माझं मत विचाराल तर गाय नको. दिवसभर घरी असणारं आणि धार काढायला बसणारं कुणी असेल, तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : कुंपणालगत झुडपं माजली आहेत. ती खायला एक शेळी आणू का?

झुडपांसाठी कोयता पुरे.

एकटी शेळी दिवसभर ओरडते आणि धड खात नाही. किमान दोन हव्यात. आणि शेळी मान वर करून पाला ओरबाडणारं जनावर आहे. तुमच्या झुडपांकडे ती जाईल, पण आधी कोवळ्या फळझाडांकडे. मागच्या पायांवर उभी राहून पाचेक फुटांवरचा शेंडाही ओढते, शिवाय साल सोलते. खोडाभोवती पूर्ण वळसा घालून साल निघाली की झाड वाळलंच. चार-पाच फुटी जाळी लागेल, खाली फट नको, आणि जाळीचे चौकोन डोकं जाईल पण शिंगं अडकतील असे नकोत. अशा जाळीत रात्रभर अडकलेली शेळी कुत्र्यांच्या तावडीत सापडते.

झुडपं काही महिन्यांत संपतील, शेळ्या राहतील. दोन शेळ्या गाभण राहिल्या की पाच महिन्यांनी वितात आणि जुळी ही त्यांच्यात नेहमीची गोष्ट, म्हणजे वर्षाच्या आत पाच-सहा तोंडं. हे सगळं धरूनही हव्याच असतील तर आणल्यावर तीन-चार आठवडे बाकीच्या जनावरांपासून वेगळ्या ठेवा, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथीचा रोग) आणि आंत्रविषार (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा रोग) यांची लस टोचून घ्या. खालची पापणी हलकेच उलटून आतला रंग बघायची सवय लावा. गुलाबी-लाल असेल तर ठीक. पांढरट दिसली तर रक्त पिणारे जंत असण्याची शक्यता मोठी. सगळ्यांना दर महिन्याला जंतनाशक पाजण्याची घाई मात्र नको, त्याने औषधाला न जुमानणारे जंत तयार होतात.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची आहे. तिने करडाचं नाव ठेवलंय आणि ते बोकड आहे. मोठा झाल्यावर विकायचा ठरलंय, पण तिला कसं सांगू?

आज सांगा, विकायच्या दिवशी नको. विकला तर तो खाण्यासाठीच जाण्याची शक्यता जास्त, हे लपवलं तर तिला कधीतरी कळेलच आणि मग राग तुमच्यावर निघेल.

ठेवायचा असेल तर खच्चीकरण लवकर करून घ्या. करडू तीन-चार महिन्यांचं झालं की आई-बहिणींवर चढू शकतं, त्यातून गर्भही राहू शकतो. तोवर बोकड आणि पाटी, म्हणजे मादी करडं, वेगळ्या झाल्या पाहिजेत. वयात आलेला बोकड स्वतःच्या दाढीवर मुततो, त्याचा वास कपड्यांना, हातांना बसतो. लाडका बोकड अंगणात ठेवणाऱ्यांना हे कुणी आधी सांगत नाही. खच्ची केलेला नर शांत असतो, पण त्याला धान्य भरपूर घातलं तर मुतखडा होतो आणि लघवी तुंबून जीवावर बेततं. त्याला पाला-चारा द्या, धान्य नावापुरतं.

प्रश्न : आम्ही साठीच्या पुढचे. अंड्यांसाठी चार-पाच कोंबड्या झेपतील का? कोंबडा लागतो का?

तुमच्यासाठी हेच योग्य. कोंबडा लागत नाही. पिल्लं हवी असतील तरच ठेवा.

तलंगा (अजून अंडी न दिलेल्या तरुण कोंबड्या) साधारण पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की अंडी सुरू होतात. पहिलं वर्ष सर्वांत चांगलं, मग पिसं झडताना खंड पडतो आणि दरवर्षी अंडी घटतात. कोंबडी मात्र त्यानंतरही अनेक वर्षं जगू शकते. दिवस लहान झाले की अंडी कमी होतात, त्यात घाबरण्यासारखं नाही. रोज पक्ष्यामागे 110-120 ग्रॅम खाद्य, सोबत शिंपल्यांचा चुरा. खुराड्यात प्रत्येकीला तीन-चार चौरस फूट जागा, बसायला दांडी आणि वर हवा खेळती. सकाळी दार उघडल्यावर डोळे चुरचुरले तर अमोनिया साठलाय. तुमच्या आधी तो कोंबड्यांच्या छातीत गेलाय. मुंगूस, साप आणि उंदीर अर्धा इंच जाळीने बरेचसे रोखता येतात. खुराडं उभं राहून झाडता येईल एवढं उंच करा. कंबर धरली की पहिली आबाळ साफसफाईची होते.

प्रश्न : भाजीपाल्याला शेणखत हवंय. त्यासाठीच एक जनावर पाळावं का?

नाही. 400 किलोचं जनावर दिवसाला 15-20 किलो ओलं शेण टाकतं, त्यात चार पंचमांश पाणी. कुजल्यावर ढीग निम्म्याहून खाली येतो. एवढ्यासाठी वर्षभर वैरण वाहण्यापेक्षा शेजारच्या गोठ्यातून शेण आणा.

प्रश्न : दोन शेळ्या घेतल्या, जमत नाहीये. विकाव्यात की आणखी एक वर्ष बघावं?

जमत नाही म्हणजे काय, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आजारपणाने बेजार झाला असाल तर आधी लेंडी तपासून घ्या. पुष्कळदा जंतच असतात आणि उपचार सोपा असतो. वेळच मिळत नसेल तर वर्षभर थांबून वेळ वाढणार नाही. मग विकायला उन्हाळ्यापर्यंत थांबू नका. चारा संपत आला की सगळेच विकायला निघतात, आणि तोवर तुमच्या शेळ्याही हाडावर आलेल्या असतात. दोघी एकाच घरी जातील असं बघा. लस कधी टोचली, जंतनाशक कोणतं आणि कधी दिलं, शेळी कधी फळली, हे कागदावर लिहून द्या. औषध चालू असेल तर दूध आणि मांस किती दिवस वापरायचं नाही, तेही त्याच कागदावर.