रेनॉल्ड्स नंबर (वेग गुणिले नळीचा व्यास, भागिले द्रवाचा चिकटपणा दाखवणारा आकडा) 2300 च्या वर गेला की पाईपमधला प्रवाह लगेच टर्ब्युलंट, म्हणजे भोवऱ्यांनी खळबळता, होतो का? आणि मग दाब एवढा का पडतो?

लगेच होत नाही. 2300 हा आकडा परीक्षेपुरता ठीक आहे.

ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने 1883 मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असताना ती सरळ रेघेत जायची, वेग वाढवल्यावर पुढे कुठेतरी विस्कटायची. पण टाकीतलं पाणी नीट स्थिर होऊ दिलं आणि नळीचं तोंड कर्ण्यासारखं पसरट ठेवलं, तर हा बदल त्याला रेनॉल्ड्स नंबर थेट 12-13 हजारांच्या आसपास गेल्यावर दिसला. नंतरच्या लोकांनी तर लाखापर्यंत प्रवाह लॅमिनार, म्हणजे थराथराने शांत वाहणारा, ठेवून दाखवला आहे.

कारण असं, की सरळ गोल नळीतला लॅमिनार प्रवाह अगदी बारीक धक्के पचवतो. तो बिघडायला थोडा मोठा धक्का लागतो: ओबडधोबड जोड, पंपाची थरथर, काहीही. रेनॉल्ड्स नंबर जितका मोठा, तितका लहान धक्का पुरतो. आणि 2000 च्या आसपास अख्खी नळी खळबळत नाहीच. मधेमधे खळबळीचे तुकडे वाहत असतात, त्यांना ‘पफ’ म्हणतात. पफ एक तर विरतो, नाही तर त्याचे दोन होतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं, की साधारण 2040 च्या पुढे दोन होण्याचं पारडं जड होतं. माझ्या मते खरा उंबरठा म्हणावा तर हाच.

आता दाब. भोवरे मधलं वेगवान पाणी सतत भिंतीकडे आणतात. लॅमिनार प्रवाहात मध्यावरचा वेग सरासरीच्या दुप्पट असतो, टर्ब्युलंटमध्ये जेमतेम सव्वापट. म्हणजे जवळजवळ सगळा वेग भिंतीलगतच्या पातळ थरात शून्यावर यावा लागतो. घर्षण वाढणारच. लॅमिनारमध्ये वेग दुप्पट केला तर दाबातली घट दुप्पट होते. टर्ब्युलंटमध्ये गुळगुळीत नळीत सुमारे 3.4 पट, अगदी खरखरीत नळीत 4 पट.

व्यवहारात 15 मिमी व्यासाच्या नळीत 20 अंश सेल्सिअसचं पाणी सेकंदाला 1 मीटर वेगाने गेलं, तरी नंबर 15,000 भरतो. तेव्हा पाण्यासाठी टर्ब्युलंटच धरा. गणित 2300 ते 4000 च्या मधे, म्हणजे धड लॅमिनार नाही आणि धड टर्ब्युलंट नाही अशा पट्ट्यात, अडकलं, तर सुरक्षित बाजूला राहण्यासाठी पंप निवडताना टर्ब्युलंटचं घर्षण धरा. उष्णता किती जाईल हे काढताना मात्र उलट, लॅमिनारचा आकडा धरा.