खेळात रमलेली मुले आणि कॅमेरा

प्रश्न : मी नोकरीनिमित्त पुण्यात राहतो आणि सुट्टीत माण तालुक्यातील आमच्या गावी जातो. विटीदांडू, लगोरी, सूरपारंबी हे खेळ आमच्याकडे अजून खेळले जातात आणि त्यांची सहज छायाचित्रे घ्यावीत, अशी माझी फार इच्छा आहे. परंतु कॅमेरा दिसताच मुले खेळ सोडून रांगेत उभी राहतात. लपून टिपणे मनाला पटत नाही आणि परवानगी मागितली तर सहजता जाते. काय करावे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : लपून टिपणे तुम्हाला पटत नाही, याचा मला आनंद वाटला. मुले संकोचतात ती तुमच्या नवखेपणामुळे, आणि तो घालवायला वेळ द्यावा लागतो. पहिल्या दिवशी त्यांना हवी तशी रांगेतली छायाचित्रे मनसोक्त काढा, ती त्यांना दाखवा आणि त्याच संध्याकाळी घरोघरी जाऊन आईवडिलांना आपला हेतू सांगून संमती घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पारावर नुसते बसून राहिलात, तर डाव रंगात आल्यावर तुमच्याकडे पाहायला कोणाला सवड उरत नाही. संमती आदल्या दिवशीच मिळालेली असल्याने ऐन क्षणी काही विचारावे लागत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे खेळ नीट समजून घ्या. सूरपारंबीत एक गडी पायाखालून काठी लांब फेकतो आणि ज्याच्यावर राज्य आहे तो ती आणायला धावतो; तेवढ्यात बाकीचे सगळे झाडावर चढतात. हे ज्याला ठाऊक आहे, तो काठी फेकणाऱ्याच्या मागे न लागता आधीच बुंध्याजवळ जाऊन बसेल, कारण पारंबीला लोंबकळणारे हात, फांदीवर टेकू शोधणारे पाय आणि मागे वळून पाहणारे चेहरे एकाच चौकटीत तिथेच मिळतात. विटीदांडूतही विटी कोलणाऱ्यापेक्षा ती झेलायला माना वर करून धावणारी मुले मला अधिक बोलकी वाटतात. लगोरीत ठिकऱ्यांची रास कोसळते तो क्षण सगळेच टिपतात. ती पुन्हा रचताना थरथरणारी बोटे मात्र क्वचितच कोणी पाहतो.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. गुडघ्यावर किंवा उकिडवे बसून मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवरून चित्र घ्या. उभ्याने घेतलेल्या चित्रात डोकीच अधिक दिसतात. धावपळीसाठी शटरचा वेग १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. भर दुपारी वडाखाली उन्हाचे कवडसे चेहऱ्यांवर पांढरे डाग पाडतात, म्हणून सूर्य कलल्यावर या. त्या वेळी पायांनी उडालेली धूळसुद्धा उजळून निघते.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३३ मध्ये स्पेनमधील सेव्हिल येथे घेतलेले एक छायाचित्र अवश्य पाहावे. भिंतीला पडलेल्या भगदाडातून पलीकडे पडझडीत खेळणारी मुले दिसतात आणि पुढे कुबड्यांवरचा एक मुलगा हसत येताना दिसतो. पडझड आणि कुबड्या दिसत असूनही त्या मुलांची कीव करावीशी वाटत नाही. गावातल्या मुलांचे फाटके सदरे आणि अनवाणी पाय पाहून शहरातून आलेल्या छायाचित्रकाराचा हात नेमका तिकडेच वळतो, तेव्हा हे चित्र आठवावे, असे मला मनापासून वाटते.

काही बाबतींत मी तडजोड करणार नाही. छायाचित्रासाठी कोणालाही पुन्हा उडी मारायला किंवा आणखी वरच्या फांदीवर चढायला सांगू नका. विहिरीत किंवा ओढ्यात उघड्या अंगाने डुंबणाऱ्या मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर कधीही टाकू नका. इतर चित्रेही पालकांना विचारूनच टाका, त्यांत मुलाचे नाव, शाळेचा बिल्ला वा ठिकाणाची नोंद राहू देऊ नका आणि एखाद्या मुलाने हात आडवा केला, तर तो नकार समजून कॅमेरा खाली घ्या.

पुढच्या खेपेला निवडक छायाचित्रांच्या कागदी प्रती घेऊन जा. नेण्यापूर्वी त्या एकदा मोजून पाहा. ज्याच्यावर सतत राज्य येत असते, तो लहानगा गडी बहुधा एकाही चित्रात नसतो.