50 च्या रस्त्यावर 78: दंड भरण्याआधी कलम वाचा

तुमचा प्रसंग थोडक्यात असा: ताशी 50 किलोमीटरची वेगमर्यादा असलेल्या रस्त्यावर पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, यंत्रावरचा 78 चा आकडा दाखवला. तुम्ही "घाईत होतो, लक्षातच आलं नाही" म्हणालात. त्यांनी लायसनचा तपशील लिहून घेतला आणि नोटीस येईल असं सांगून सोडलं. आता तुमचे प्रश्न तीन: दंड भरून मोकळं व्हावं का, लायसन जाईल का, आणि यंत्र चुकलं असं म्हणता येईल का.

दंडाचं आधी सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच घाई करतात. दंड भरला की अनेक देशांत ती गुन्ह्याची कबुली धरली जाते. प्रकरण बंद होतं, नोंद मात्र राहते, आणि नंतर "मला कुणी सांगितलं नव्हतं" म्हणून ते पुन्हा उघडणं फार अवघड जातं. म्हणून नोटीस हातात आली की रकमेच्या आधी कलम बघा. नुसती वेगमर्यादा ओलांडणं आणि धोकादायक पद्धतीने वाहन चालवणं हे दोन वेगळे गुन्हे आहेत. भारताच्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यात पहिल्यासाठी कलम 183 आहे, दुसऱ्यासाठी 184, आणि या दुसऱ्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. इतर देशांतही अशीच विभागणी दिसते. तुमच्या कागदावर नुसता वेग असेल तर प्रकरण आटोक्यातलं आहे. धोकादायक चालवण्याचं कलम लावलं असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय एक पैसाही भरू नका आणि कुठेही सही करू नका.

लायसन जाईल का, हे तुमच्या नावावर आधी काय आहे यावर ठरतं, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये वाहतुकीच्या गुन्ह्यांबद्दल लायसनवर दंडाचे गुण चढतात, आणि 3 वर्षांत असे 12 गुण जमले की सहसा किमान 6 महिने गाडी चालवायची बंदी येते. लायसन काढून 2 वर्षं झाली नसतील तर 6 गुणांतच ते रद्द होतं. जर्मनीत 8 गुणांवर लायसन काढून घेतात. फिनलंडमध्ये वेग फारच जास्त असेल तर दंड उत्पन्नाच्या प्रमाणात लागतो. पद्धती वेगळ्या असल्या तरी जुनी नोंद, नवं लायसन आणि मर्यादेच्या किती वर होतात, या तीन गोष्टी निकालात वारंवार येतात. विम्याचा हप्ताही वाढू शकतो, आणि काही वेळा ती वाढ दंडापेक्षा जड पडते.

आता यंत्र. स्पीडगन दोन प्रकारच्या असतात. रडारची लहर पसरट असते, त्यामुळे शेजारून मोठा ट्रक जात असेल तर नेमका कोणाचा वेग पकडला हा प्रश्न रास्त ठरतो. लेझरचा झोत मात्र 300 मीटरवर साधारण मीटरभरच रुंद होतो, तिथे "बाजूची गाडी असेल" हे सहसा टिकत नाही. थांबलेल्या पोलिसाने तिरक्या कोनातून मोजलं म्हणून आकडा चुकला, असाही युक्तिवाद होतो. तो उलटा आहे. कोनामुळे वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणजे फायदा चालकालाच होतो. आणि "माझ्या गाडीतल्या वेगाच्या काट्यावर 65 च होतं" हे फारसं उपयोगी नाही, कारण ते नुसतं तुमचं म्हणणं ठरतं. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांनुसार काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवूच शकत नाही, थोडा जास्त दाखवला तर चालतं, म्हणजे खरा वेग 78 असेल तर त्यावर 65 दिसायला नको. अपवाद एकच लक्षात ठेवा: मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर काटा कमी दाखवतो, पण ती जबाबदारीही आपलीच.

विचारण्यासारखं आहे ते वेगळंच. यंत्राची तपासणी कधी झाली, त्याचा दाखला आहे का, मोजणारा प्रशिक्षित होता का, वेगाची पाटी स्पष्ट दिसत होती का, आणि मोजमापातली सूट वजा केली का. जर्मनीत 100 च्या खाली 3 किलोमीटर वजा करतात. पण अशा सुटीने 78 चे 50 होत नाहीत. मर्यादा ओलांडली हे तुम्हालाच मान्य असेल, तर पळवाटा शोधत महिने घालवू नका. मी हे मनापासून सांगतोय.

तसं म्हणण्याचं कारणही सांगतो. प्रतिक्रियेला एक सेकंद आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक धरले, तर 50 च्या वेगातली गाडी साधारण 28 मीटरवर थांबते. 78 च्या गाडीला 55 मीटर लागतात. त्याहून वाईट म्हणजे, पहिली गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, त्या जागी दुसरी अजून ताशी 70 च्या आसपास असते, कारण तिचे 22 मीटर ब्रेकवर पाय पडण्याआधीच गेलेले असतात. तिथे रस्ता ओलांडणारं मूल असेल तर काय, हे मला दर वेळी आठवतं. न्यायाधीशही प्रकरणाकडे याच नजरेने बघतो.

तुमच्या मित्राने सुचवलं की गाडी वडिलांच्या नावावर आहे, तर तेच चालवत होते असं सांगा. हे अजिबात करू नका. पोलिसांनी तुमचं लायसन पाहिलंय, त्यामुळे ते जमणारही नाही. पण जमत असतं तरी मूळ गुन्ह्यापेक्षा हा गुन्हा मोठा. ब्रिटनचे माजी मंत्री क्रिस ह्यून यांचे 2003 मधल्या वेगाच्या गुन्ह्याचे गुण त्यांच्या तेव्हाच्या पत्नीने स्वतःवर घेतले होते. दहा वर्षांनी, 2013 मध्ये, दोघांनाही 8 महिन्यांची शिक्षा झाली. फार तर गाडी चालवायच्या बंदीवर मिटलं असतं ते प्रकरण.

"घाईत होतो" हे तुम्ही बोलून गेलात, त्याची नोंद झाली असेल असंच धरून चाला. ते आता नाकारू नका, खोटं ठरलात तर नुकसान जास्त. कुठे अडवलं, किती वाजता, पाऊस होता का, रस्त्यावर गर्दी किती होती, पाटी कुठे होती, अधिकारी नेमकं काय म्हणाले, हे आजच वहीत लिहून काढा. महिन्याभराने यातलं अर्धं आठवत नाही. डॅशकॅम, म्हणजे गाडीत लावलेला कॅमेरा, असेल तर चित्रीकरण पुसलं जाण्याआधी बाजूला काढा.

आणि पत्ता तपासा. मी घर बदललं तेव्हा लायसनवरचा पत्ता बदलायचा राहिला. नोटीस जुन्या घरी गेली, उत्तराची मुदत संपली, माझ्या गैरहजेरीत निकाल लागला. मला कळलं ते लायसनच्या नूतनीकरणाच्या दिवशी, खिडकीपाशी. मूळ दंड किरकोळ होता, पण तो निस्तरायला पाच महिने लागले आणि त्या काळात मी गाडी चालवू शकत नव्हतो. तुमच्या लायसनवर आणि गाडीच्या कागदांवर सध्याचाच पत्ता आहे का, ते उद्या सकाळी पहिल्यांदा बघा. नोटीस आली की पाकिटावरची आणि आतली अशा दोन्ही तारखा लिहून ठेवा, आणि त्यातलं कलम इथे कळवा, मग पुढचं सांगतो.