मलावीच्या मिशन हॉस्पिटलात जायचं का? इंदूरच्या ताईला माझं उत्तर

सलाम. तू नर्स आहेस, नवरा अकाउंट्स बघतो, मुलगी चार वर्षांची, आफ्रिकेत मलावीतल्या एका मिशन हॉस्पिटलातून दोन वर्षांसाठी बोलावणं आलंय, आणि तू विचारतेस की मिशनरी म्हणून परदेशात रोजचं जगणं कसं असतं, विश्वास टिकतो का, सासूबाईंना काय सांगायचं. मावशी म्हटलंस म्हणून एकेरीतच लिहिते. आम्ही दोघं तिथे बरीच वर्षं होतो, मी नर्सिंगच्या मुलींना शिकवायचे, हे हॉस्पिटलचे पंप आणि जनरेटर बघायचे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. प्रभू तिथे तुझ्या आधी पोचलेला आहे. मलावीत बहुतेक लोक ख्रिस्तीच आहेत, तिथल्या ब्लँटायर शहरातलं स्कॉटिश मिशन १८७६ चं आणि आपलं इंदूरचं कॅनेडियन मिशन १८७७ चं, म्हणजे दोन्हीकडच्या मंडळ्या, चर्च म्हण, जवळपास एका वयाच्या. पाळक तिथले, मंडळीचा कारभार बघणारे वडील तिथले, मेट्रन तिथली. तू त्यांच्या हाताखाली कामाला चाललीस, आणि हे ज्याला पचत नाही तो वर्षभर कुरकुरतो आणि परत येतो, असे लोक मी बघितलेत.

आणि आपल्या मुलखाचा त्या मुलखाशी संबंध नवा नाही बरं का. आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी लिव्हिंग्स्टन, त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. चुमा कोणाला माहीत नसतो. हा आजच्या मलावीकडचा, याओ जमातीचा मुलगा, गुलामांच्या तांड्यातून सुटलेला, लिव्हिंग्स्टनने १८६४ मध्ये त्याला मुंबईला आणलं आणि तो तिथले मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत राहिला. जेकब वेनराइट पण याओच, तो शिकला आपल्या नाशिकला, शरणपूरच्या मिशनमध्ये. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला तेव्हा चुमा, सुसी आणि सोबतच्यांनी त्याचा देह उन्हात वाळवून, दीड हजार किलोमीटरच्या वर चालत समुद्रापर्यंत नेला. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, त्या वेळी प्रार्थना जेकबने वाचली, आणि पुढच्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. मिशनच्या इतिहासात गोऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात आणि ज्यांनी खांद्यावर वाहिलं त्यांचं बारीक अक्षरात, याचं मला फार वाईट वाटतं. जाण्याआधी या माणसांबद्दल वाचून जा.

आता रोजचं. पहिले सहा महिने चिचेवा, म्हणजे तिथली भाषा, शीक, बाकी सगळं नंतर. हॉस्पिटलात इंग्रजीवर भागतं पण बाळंतीण इंग्रजीत कण्हत नाही. तिथे कोणालाही भेटलं की आधी रीतसर विचारपूस करायची, तुम्ही कसे आहात, मी बरी आहे, तुम्ही? मगच काम. आपण इंदूरचे लोक घाईघाईत मुद्द्यावर येतो, तिथे तो उद्धटपणा समजतात. जेवण म्हणजे न्सिमा, पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आपली उकड अजून आटवली तर जशी होईल तसा, सोबत भोपळ्याचा पाला, घेवडा नाहीतर तळ्यातली सुकी मासळी. यजमान हातावर पाणी घालतात, मग सगळे हाताने खातात. मसाले, डाळ मोठ्या गावात गुजराती दुकानदारांकडे मिळतात, काळजी नको. लाइट जाते, वीज बहुतेक शिरे नदीवरची, नदीला पाणी कमी झालं की बोंब.

सगळ्यात अवघड काय सांगू, जानेवारी ते मार्च. पाऊस चालू असतो, शेत हिरवंगार दिसतं आणि घरातला मका संपलेला असतो, नवं पीक एप्रिलच्या सुमाराला. त्या दिवसांत सकाळी दार उघडलं की कोणीतरी पायरीवर बसलेलं असतं, कोणाला पीठ हवं, कोणाला पोराची फी, कोणाला बसभाडं. तू त्यांच्या नजरेत श्रीमंत आहेस आणि खरंच आहेस, ते नाकारू नको. सगळ्यांना देता येत नाही आणि नाही म्हटलं की रात्री झोप येत नाही. आमच्या मंडळीतल्या म्वानोच्या बायका, म्हणजे तिथला महिला संघ, त्यांना घर न् घर माहीत असायचं, कोणाकडे चूल पेटली नाही हे त्यांना आपल्याआधी कळतं, म्हणून आम्ही जे काही बाजूला काढायचो ते त्यांच्या हातात द्यायचो. दारात आलेल्याला पाणी, बसायला जागा आणि खरं उत्तर. यापेक्षा बरी पद्धत मला तरी सापडली नाही.

मलेरिया त्याच दिवसांत वाढतो. लहान मुलांचा वॉर्ड भरतो, एका पलंगावर दोन-दोन पोरं. काही वाचत नाहीत. विश्वासाचं विचारलंस ना, तो तिथे ढासळतो, परक्या गावात एकटं वाटतं म्हणून नाही. मी कितीतरी संध्याकाळी प्रार्थनेला बसून गप्प राहिले आहे, शब्दच नसायचे. मग मयताच्या घरी जायचं, तिथे सगळं गाव येतं, बायका रात्रभर जमिनीवर बसून गातात, वाद्य नाही, नुसते तीन-चार सुरांत आवाज. माझ्याने प्रार्थना होत नव्हती तेव्हा त्या माझ्या जागी करत होत्या, मी असंच मानते. घरी रविवारी संध्याकाळी आम्ही टिळकांचे अभंग म्हणायचो. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला पण कीर्तन सोडलं नाही, ख्रिस्ताला मराठी चालीत गायले, तसं मलावीच्या लोकांनी आपल्या चालीत गायलं तर ते त्यांचंच शुभवर्तमान आहे. त्यांना आपली गाणी शिकवायची घाई करू नको.

आपल्याच गावाचं बघ. होळकर दरबाराने सुरुवातीला मिशनऱ्यांना रस्त्यावर प्रवचनाला मनाई केली होती, तो वाद कितीतरी वर्षं चालला. आणि १८८४ मध्ये त्याच मिशनच्या डॉ. एलिझाबेथ बीटी आल्या, मागून डॉ. मॅरियन ऑलिव्हर, त्यांची मात्र गरज होती कारण बायकांना बाई डॉक्टर हवी होती. तुझं नर्सिंग हीच तुझी साक्ष आहे, वेगळं व्यासपीठ शोधत बसू नको.

मुलीचं फार टेन्शन घेऊ नको, पोरं भाषा आपल्या आधी शिकतात. पण मच्छरदाणी रोज, मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांनी तिच्या वजनाप्रमाणे दिलेल्या, आणि ताप आला की त्याच दिवशी तपासणी, परत आल्यावर काही महिने सुद्धा. यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी तिघांनी घ्या, मुंबईहून अदीस अबाबा मार्गे जाल तर इथिओपिया यलो फीव्हरच्या देशांच्या यादीत आहे, परतताना लशीचं कार्ड नसलं तर आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकतात. वर्क परमिट हॉस्पिटलने काढून दिल्याशिवाय निघू नका, टुरिस्ट व्हिसावर जाऊन काम करणं बेकायदा आहे, कोणी कितीही भक्तिभावाने सांगितलं तरी.

सासूबाईंना घाबरवू पण नको आणि गोड गोड पण सांगू नको. त्यांना वाटतंय नात दुरावेल, ते खरंच आहे, दोन वर्षांत पोर बदलते. बोलावणं त्यांच्या मुलाला पण आलंय, तेव्हा बोलणं त्यानेच करावं, तू एकटीने नाही. रविवारी उपासनेनंतर मी इंदूरच्या छावणी भागातच असते, हवं तर त्यांना घेऊन ये, दवाखाना किती लांब, शाळा कशी, फोन लागतो की नाही, जे विचारायचं ते मलाच विचारू देत.