कोकण किनारा बघायचाय, पण त्यासाठी नवी गाडी घ्यायची का?

प्रश्न : माझं वय ५४, पत्नीचं ५१. मी पिंपरीतल्या एका खासगी कारखान्यात आहे, ५८ व्या वर्षी निवृत्त होईन. हातात पगार ८६,००० येतो, पत्नीच्या शिकवण्यांचे १२,००० येतात. घरखर्च ४८,०००, घराचा हप्ता १४,००० (तो अजून २ वर्षं आहे), एसआयपी १५,०००. बँकेत १,६०,००० ची एफडी आहे. मुलगा नोकरीला लागलाय. पुढच्या महिन्यात एलआयसीचे ४ लाख हातात येतील. फेब्रुवारीत आम्ही दोघांनी अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गाडीने जायचं ठरवलंय. आमची वॅगनआर ११ वर्षांची आहे. मुलगा म्हणतो, एवढा प्रवास तिने करू नका. ४ लाख भरा, ९ लाख कर्ज काढा आणि १३ लाखांची एसयूव्ही घ्या. कर्ज ९ टक्क्यांनी, ५ वर्षांचं. कंपनीचा मेडिक्लेम आहे. मला बीपीची गोळी चालू आहे. काय करावं?

उत्तर :

नमस्कार. आधी निकाल सांगतो, कारणं मागून. सहलीला जा. गाडी आत्ता घेऊ नका. सहलीचा खर्च ८०-८५ हजारांचा आणि गाडीचा १३ लाखांचा. पहिल्याचं निमित्त करून दुसरा घरात शिरतोय.

तुमच्याच आकड्यांनी बघू. तुमचं दोघांचं मिळून ९८,००० येतं. घरखर्च, घराचा हप्ता आणि एसआयपी गेल्यावर २१,००० उरतात. ९ लाखांच्या कर्जाचा हप्ता येईल १८,६८२. नव्या गाडीचा विमा वर्षाला ४५,००० च्या आसपास धरा. जुन्या गाडीला तुम्ही ६,००० भरत असाल, म्हणजे महिन्याला आणखी सव्वातीन हजार. बेरीज २१,९०० च्या वर जाते. नव्या गाडीत पेट्रोलचा एक थेंबही न घालता तुम्ही महिन्याला ९०० रुपयांनी तुटीत. मग काय होतं ते मी पुष्कळ घरांत पाहिलंय: सगळ्यात आधी एसआयपी थांबते, कारण ती थांबवली तर दारात वसुलीला कुणी येत नाही.

दुसरी गोष्ट कर्जाच्या मुदतीची. तुम्ही निवृत्त व्हाल चार वर्षांनी, कर्ज फिटेल पाच वर्षांनी. शेवटचे १२ हप्ते, म्हणजे २,२४,००० रुपये, पगार बंद झाल्यावर पीएफमधून किंवा साठवलेल्या पैशातून भरायचे. पाच वर्षांत व्याज जाईल २,२०,९२० रुपये. तोवर गाडीची किंमत निम्म्याच्या आसपास आलेली असेल.

तरी मुलाचं म्हणणं सगळंच उडवून लावण्यासारखं नाही. नव्या गाडीत एअरबॅग जास्त, ब्रेक चांगले, आणि निवृत्तीनंतर वाहनकर्ज मिळणं अवघड होतं हेही खरंच. पुढची दहा-बारा वर्षं तुम्हाला गाडी लागणारच आहे. पण ती याच फेब्रुवारीत लागते असं नाही. त्याचा हिशेब पुढे देतो.

आता सहलीकडे, कारण वहिनींना उत्सुकता तिचीच असणार. पुणे ते अलिबाग, तिथून किनाऱ्याने वेंगुर्ले आणि परत येताना आंबोली घाट चढून कोल्हापूरमार्गे पुणे, असं मधली आडवळणं धरून १,३०० किलोमीटर होतील. तुमची गाडी घाटवळणांत लिटरला १५ देते असं धरलं आणि पेट्रोल १०५ धरलं, तर ९,१०० रुपये. दहा रात्री घरगुती मुक्काम, खोलीला सरासरी २,५०० म्हणजे २५,०००. दोघांचं जेवणखाण दिवसाला १,६०० प्रमाणे ११ दिवसांचे १७,६००. यात रोज माशांची थाळी धरलीय. शाकाहारी असाल तर चार-पाच हजार वाचतील. जंगल जेटी (गाड्यांसकट खाडीपार नेणारी बोट), किल्ल्यांच्या होड्या, पार्किंग मिळून ३,०००. कोकम, काजू, आंबापोळी असलं काहीबाही ६,०००. निघण्याआधी गाडीची सर्व्हिसिंग आणि पुढचे दोन टायर १४,०००. हा खरं तर सहलीचा खर्चच नाही, टायर आज ना उद्या बदलायचेच होते, पण धरून ठेवू. झाले ७४,७००. वर ७,३०० अडीअडचणीला ठेवा. ८२,०००.

आणि तुम्हाला वाटतं तशी या रस्त्याला मोठी गाडी लागत नाही, उलट छोटी बरी पडते. आंजर्ल्यात, गुहागरात, हेदवीच्या आसपास वाड्यांमधून जाणारे रस्ते दोन्हीकडून चिऱ्याच्या गडग्यांनी आवळलेले असतात. समोरून एसटी आली की मागे कोण जाणार हा प्रश्नच नसतो, तुम्हीच जायचं, वाडीच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत. तेव्हा वॅगनआरचा आखूडपणा उपयोगी पडतो. जंगल जेटीतही तसंच. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा चार फेऱ्या तुम्हाला लागतील. बोटीवरचा पोऱ्या हाताने खुणा करत गाड्या वीतभर अंतराने लावून घेतो. गाडी गिअरमध्ये टाकायची, हँडब्रेक ओढायचा, उतरून कठड्याशी उभं राहायचं. या फेऱ्यांनी पैसे आणि तास दोन्ही वाचतात. एकट्या दाभोळची खाडी टाळायची म्हटली तरी चिपळूणवरून मोठा वळसा पडतो. किनारी मार्गावर पुलांची कामं चालू आहेत, त्यामुळे काही तुकडे उखडलेले मिळतील, तिथे सावकाश जा. तुमच्या गाडीला त्यात काही होत नाही. फक्त वाळूत गाडी घालू नका. भरतीत अडकलेली गाडी ट्रॅक्टरने ओढून काढायचे पैसे जातात, खारं पाणी इंजिनात गेलं तर विमा कंपनी क्लेमला नाही म्हणू शकते, आणि पोलीस कारवाई होते ती वेगळीच.

दहा दिवसांत रोज नवं गाव करू नका. हरिहरेश्वरला दोन रात्री, गुहागर किंवा वेळणेश्वरला तीन, गणपतीपुळ्याला एक, देवगड-कुणकेश्वरला एक, मालवणला तीन. एकाच घरी तीन रात्री राहिलात तर मालक भावात सूट देतो, विचारायला मात्र लागतं. शिवाय पेट्रोल कमी जळतं, आणि ज्यासाठी चाललाय ते चालणं होतं. या सहलीतल्या उत्तम गोष्टींना तिकीटच नाही: हरिहरेश्वरच्या देवळामागे कातळात उतरणारा प्रदक्षिणा मार्ग, हेदवीची बामणघळ (कातळातली चीर), आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीची चढण, गुहागरहून असगोलीकडे जाणारी पुळण, आरे-वारेचा वरून दिसणारा किनारा, भोगवे ते निवती.

यातल्या पहिल्या दोन ठिकाणी भरती-ओहोटी बघितल्याशिवाय जाऊ नका. प्रदक्षिणा मार्गावर भरतीच्या लाटा अंगावर येतात आणि तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. बामणघळीतला पाण्याचा उसळता खांब मात्र भरतीलाच दिसतो, तो लांब उभं राहून बघायचा. किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती, बाराच्या सुमाराला ओहोटी. घरमालकाला विचारलंत तर तो कॅलेंडरकडे एकदा बघून सांगेल.

फेब्रुवारी निवडलात ते पैशाच्या दृष्टीनेही बरोबर. नाताळ ते एक जानेवारी या आठवड्यात याच खोल्यांचे भाव दुप्पट होतात. फक्त शनिवार-रविवार अलिबाग, दिवेआगर, गणपतीपुळे, मालवण इथे पडणार नाही असा कार्यक्रम आखा. बुधवारी निघालात तर अलिबाग-मुरूडचा भाग मोकळा मिळतो. शिमगा मार्चमध्ये येतो, तेव्हा चाकरमानी गावी आलेले असतात, म्हणून फेब्रुवारीतच परत या. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तो काळ साधारण फेब्रुवारी-अखेर ते एप्रिल. तुम्ही थोडे आधी पोचाल. त्यासाठी तारखा पुढे ढकलून भाव वाढवून घेऊ नका, असं माझं मत. वहिनींचं वेगळं असू शकतं.

रजेचा हिशेब अनेक जण विसरतात. निवृत्तीच्या वेळी शिल्लक रजेचे पैसे मिळतात आणि खासगी नोकरीत २५ लाखांपर्यंत त्यावर कर नाही. म्हणून कंपनीच्या नियमात रजा किती साठते ते बघून घ्या. मर्यादा भरलेली असेल तर वरची रजा वायाच जाते, ती या सहलीला लावा. भरलेली नसेल तर सात-आठ दिवसांच्या रजेची किंमत खर्चात मनाने धरा. तरीही जा.

आता ४ लाखांचं काय करायचं. ८२,००० सहलीला. त्यानंतरचे पैसे ज्याला जायला हवेत त्याच्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहून पुढे गेलात: मेडिक्लेम. कंपनीचं संरक्षण ५८ व्या वर्षी नोकरीबरोबर संपेल, आणि त्यानंतरच तुम्हाला त्याची खरी गरज लागेल. आधीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपनी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबायला लावू शकते. बीपीसह पॉलिसी आज घेतलीत तर ती ३ वर्षं तुम्ही कंपनीच्या मेडिक्लेमच्या सावलीत काढाल आणि निवृत्तीच्या दिवशी स्वतःची पॉलिसी पुरती लागू झालेली असेल. निवृत्त झाल्यावर घेतलीत तर ६१ पर्यंत बीपीशी संबंधित आजारांचा खर्च खिशातून. दोघांची मिळून १० लाखांची फॅमिली फ्लोटर बघा, हप्ता ६०,००० च्या आसपास धरून चाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, त्यामुळे एजंटाने सांगितलेल्या आकड्यात कर मिसळलेला नाही ना एवढं तपासा.

उरतात २,५८,०००. ते दोन-तीन छोट्या एफडींत टाका, एकच मोठी करू नका, म्हणजे गरज पडली तर सगळी मोडायला लागणार नाही. आधीच्या १,६०,००० सह ४,१८,००० होतात, म्हणजे घरखर्च आणि घराचा हप्ता मिळून साडेसहा महिन्यांची सोय. आज ती अडीच महिन्यांचीच आहे. खासगी कारखान्यात ५४ व्या वर्षी हे अपुरं आहे.

आणि गाडी? २१,००० मधून पुढच्या हप्त्यासाठी महिन्याला ५,००० मेडिक्लेमला बाजूला ठेवा, एक हजार हातात राहू द्या आणि १५,००० ची आरडी सुरू करा. साडेसहा टक्के धरले तर दोन वर्षांनी ३,८४,००० होतात. तेव्हा घराचं कर्ज फिटलेलं असेल, मग ते १४,०००ही यात घाला. आणखी एका वर्षात साडेसात लाखांच्या पुढे जाल. वॅगनआर तेव्हा १४ वर्षांची झालेली असेल, खासगी गाडीची १५ वर्षांची नोंदणी संपायला एक वर्ष राहिलेलं असेल. विकायला तीच वेळ. ५७ व्या वर्षी, पगार चालू असताना, रोख पैशात एक चांगली मध्यम गाडी येईल आणि निवृत्तीनंतर एकही हप्ता राहणार नाही. मुलाला १३ लाखांचीच हवी असेल तर त्याचा पगार चालू झालाय, फरक त्याने भरावा. हे त्याला सांगायला संकोच वाटत असेल तर हे उत्तर वाचायला द्या.

वॅगनआरच्या जिवाची फारच काळजी वाटत असेल तर भाड्याची सेल्फ-ड्राइव्ह गाडी हा पर्याय आहे. दिवसाला ३,००० धरले तर ११ दिवसांचे ३३,०००. मला तो खर्च अनावश्यक वाटतो, पण ९ लाखांच्या कर्जापेक्षा केव्हाही बरा. आधी तुमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गाडी दाखवा. ब्रेक, क्लच, बॅटरी आणि कूलंट बघून तो 'आंबोली चढेल' म्हणाला की विषय संपला. विम्यात रस्त्यावर मदत मिळण्याची सोय नसेल तर ती जोडून घ्या, थोडक्यात होते.

खोल्या संकेतस्थळावरून घेण्याआधी मालकाशी फोनवर बोला आणि आगाऊ रक्कम एका रात्रीपेक्षा जास्त देऊ नका. जेटीवर आणि आडगावात रेंज जाते, दहा हजारांची रोकड सुट्ट्या नोटांत जवळ असू द्या.

एलआयसीचे पैसे खात्यात आले की पहिला अर्ज मेडिक्लेमचा भरा, सहलीला निघायच्या आधी. फॉर्मवर बीपीच्या गोळीचं नाव, मात्रा आणि ती कधीपासून चालू आहे ते लिहा. एजंट 'राहू द्या हो, हप्ता वाढेल' म्हणाला तरी लिहा.