पुळणीवरचे घरटे आणि जाळ्यातले कासव

कोकण किनाऱ्यावरील सागरी कासवांविषयी आलेल्या तीन वाचकांच्या पत्रांना ‘वाचकांचे प्रश्न’ या सदरातून या वेळी उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी दापोली तालुक्यातील तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख, आहे. गेल्या माघात आमच्या ट्रॉलच्या जाळ्यात एक मोठे कासव आले. ते अजिबात हलत नव्हते, म्हणून मेले असे समजून आम्ही ते परत पाण्यात टाकले. ते जिवंत असू शकले असते, असे नंतर एका वयस्कर खलाशाने सांगितले. तेव्हापासून ही गोष्ट मनातून जात नाही. आम्ही काय करायला हवे होते? आणि कासव सोडवण्यासाठी जाळे कापले, तर ते नुकसान कोणी सोसायचे?

उत्तर : आपल्या खलाशाचे म्हणणे खरे असण्याचा संभव आहे, पण आपल्याला ही रुखरुख लागली, यातच पुढच्या कासवाचे भले आहे. कासव समुद्रात राहत असले तरी श्वास फुप्फुसांनीच घेते, त्यामुळे त्याला ठरावीक वेळाने पाण्यावर यावेच लागते. ट्रॉलचे जाळे तास-दोन तास खालून ओढले जात असताना आत अडकलेले कासव धडपडते, त्याच्याजवळची हवा संपते, फुप्फुसांत पाणी शिरते आणि ते बेशुद्ध होते. असे कासव पाहणाऱ्याला मेलेलेच वाटते. त्याच अवस्थेत ते पाण्यात गेले, तर मात्र ते खरोखर बुडून मरते.

म्हणून निपचित कासव लगेच पाण्यात टाकू नये. त्याला पोटावर ठेवावे, उताणे करू नये. मागची बाजू वीतभर उंच राहील असे काहीतरी तिच्याखाली द्यावे, म्हणजे फुप्फुसांतले पाणी तोंडावाटे निघून जाण्यास मदत होते. अंगावर ओले फडके घालावे, पण नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात, आणि कासव सावलीत राहील असे पाहावे. ते सावध व्हायला कधी काही तास लागतात, तर कधी जवळजवळ एक दिवस. ते पुरेशी हालचाल करू लागले की इंजिनाची गती काढून, बोटीच्या पंख्यापासून आणि जाळ्यांपासून दूर, पाण्याच्या अगदी जवळून त्याला सोडावे. माघ हा आपल्याकडे अंडी घालण्याचा काळ असल्यामुळे आपल्या जाळ्यात आलेली मादी असेल, तर तिच्या पोटात शंभरावर अंडी असण्याचीही शक्यता होती.

नुकसानीबद्दल आपण विचारले ते अगदी रास्त आहे. पोटावर पाय देऊन कोणी वन्यजीव वाचवावा, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे ठरेल. राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष यांनी डिसेंबर २०१८ मध्ये भरपाईची योजना सुरू केली. जाळे कापून संरक्षित सागरी जीव जिवंत सोडणाऱ्या मच्छीमाराला या योजनेनुसार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. त्यासाठी सुटकेची छायाचित्रे किंवा चित्रफीत लागते, तेव्हा जाळ्याला सुरी लावण्यापूर्वी एखाद्या खलाशाच्या हाती मोबाईल द्यावा. अर्जासोबत कोणती कागदपत्रे जोडावी लागतात, हे आपल्या भागातील मत्स्यव्यवसाय परवाना अधिकाऱ्याकडे हंगामाआधीच विचारून ठेवणे सोयीचे होईल. याशिवाय कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ट्रॉलमध्ये बसवण्यासाठी एक चौकट तयार केली आहे. तिच्या गजांमधून मासळी जाळ्याच्या खोळीत जाते आणि कासव गजांवर अडून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते. थोडी मासळीही त्या वाटेने जाते, ही मच्छीमारांची तक्रार खरी आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे. तरीही ट्रॉलमधील कासवांचे मरण टाळण्याचा याहून भरवशाचा उपाय मला माहीत नाही.

प्रश्न : मी पुण्यात शिक्षिका आहे. आठवीच्या मुलांना वेळासच्या कासव महोत्सवाला नेण्याचा विचार आहे. मुलांना पिल्ले हातात घेऊ देतात का? आणि अंडी उचलून दुसरीकडे पुरणे म्हणजे निसर्गात ढवळाढवळ करणे नव्हे का?

उत्तर : मुलांना अवश्य न्यावे. पिल्ले मात्र हातात मिळणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. घरट्यातून निघालेले पिल्लू स्वतःच्या पायांनी वाळू तुडवत लाटेपर्यंत गेले पाहिजे; त्याला उचलून पाण्यात सोडणे म्हणजे त्याला मदत करणे नव्हे. पिल्ले उजेडाच्या दिशेने जातात, त्यामुळे छायाचित्रासाठी फ्लॅश किंवा विजेरी लावली, तर त्यांची दिशा चुकते. दोरीच्या अलीकडे शांत बसायचे, हे मुलांना गाडीतच समजावून सांगावे. शिवाय नेमक्या त्या दिवशी पिल्ले निघतीलच असे नसते, याचीही त्यांना आधी कल्पना द्यावी.

आपला दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. अंडी जिथे घातली तिथेच उबली तर उत्तम, यात शंका नाही. पण मंडणगड तालुक्यातील वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली काम सुरू केले, तेव्हा घरटी शाबूत राहतच नव्हती. काही अंडी माणसे खाण्यासाठी व विकण्यासाठी नेत, काही कुत्री आणि कोल्हे उकरत, तर काही उधाणाच्या भरतीत जात. अशा वेळी घरटे तिथेच राहू देणे म्हणजे ते गमावणे होते. म्हणून पहाटे पुळण चालत जाऊन मादीच्या मागावरून घरटे शोधायचे, अंडी अलगद काढायची आणि कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच, म्हणजे साधारण दीड फूट खोल, सुरईच्या आकाराच्या खड्ड्यात ठेवायची, ही पद्धत रुळली. हे काम अंडी घातल्यावर काही तासांतच आणि अंडी न उलटवता करावे लागते. उशीर झाला तर आतला गर्भ कवचाच्या आतील पडद्याला चिकटू लागतो आणि जरा हिसका बसला तरी दगावतो. पुढे साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले निघतात. वाळूचे तापमान नर की मादी हेही ठरवत असल्यामुळे, म्हणजे वाळू अधिक तापली तर माद्याच अधिक निपजत असल्यामुळे, कुंपणातल्या घरट्यांवर सावली करण्याची वेळ आता अनेक ठिकाणी आली आहे.

मला या साऱ्या कामात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की पूर्वी ज्या गावांत अंडी खाल्ली जात, त्याच गावांतील माणसे आज कासवमित्र म्हणून मार्गशीर्षाच्या थंडीत पहाटे पुळणीवर असतात. आपण गावातल्या घरी उतरलात, घरच्या मोदकांचे आणि सोलकढीचे पैसे त्या घराला दिलेत, तर संवर्धनाला त्याहून सरळ मदत दुसरी नाही. मुलांना आणखी एक हकिगत सांगा. ओडिशात २०२१ साली ओळखीसाठी धातूची पट्टी लावलेली ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळी असावीत, ही समजूत त्या एका मादीने हलवली.

प्रश्न : आमचे घर आणि दोन पर्यटक खोल्या पुळणीला लागूनच आहेत. कासवांसाठी आम्ही नेमके काय करावे?

उत्तर : नोव्हेंबर ते मे या काळात समुद्राकडचे दिवे रात्री बंद ठेवावेत, ते शक्य नसेल, तर मंद, पिवळसर आणि जमिनीकडे वळवलेले दिवे लावावेत. खरकटे पुळणीवर टाकू नये, कारण त्यामुळे कुत्री तिथे येऊ लागतात आणि मग घरटीही उकरतात. धूपप्रतिबंधक भिंतीची मागणी गावात होत असेल, तर भिंतीपुढची वाळू उरेल का, हा प्रश्न ग्रामसभेत जरूर विचारावा. वाळूच उरली नाही, तर मादीला अंडी घालायला जागा राहत नाही. सकाळी पुळणीवर कासवाचा माग दिसला, तर तो पुसू नये आणि घरटे उकरून पाहू नये. सागरी कासवांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यांची अंडी हाताळणे हे परवानगी असलेल्या माणसांचेच काम आहे. मागाजवळ एखादी काठी रोवून ठेवावी आणि पुढची भरती चढण्यापूर्वी गावच्या कासवमित्राला किंवा वनरक्षकाला निरोप द्यावा. दोघेही भेटले नाहीत, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.